वाचक विचारतात : गणिताच्या नोकरीसाठी रेझ्युमे कसा लिहावा?

गणित शिकलेल्या किंवा शिकवणाऱ्या वाचकांकडून रेझ्युमेबद्दल बरीच पत्रे आली आहेत, म्हणून या वेळचा स्तंभ त्यांनाच दिला आहे. या पत्रांसोबत आलेले रेझ्युमे वाचताना एक उणीव पुन्हापुन्हा जाणवली. अभ्यासात सिद्धतेशिवाय एकही विधान मान्य न करणारी ही मंडळी स्वतःविषयी लिहिताना मात्र आधार न देता विधाने करतात. रेझ्युमेतल्या प्रत्येक दाव्याशेजारी तो पडताळून पाहता येईल असे काहीतरी असावे, एवढे एकच सूत्र खालच्या बहुतेक उत्तरांत आहे.

प्रश्न : मी गणितात एमएस्सी केले आहे, नोकरीचा अनुभव नाही. रेझ्युमेत मी सर्व विषयांची नावे, 'उत्तम विश्लेषणक्षमता, मेहनती, संघभावना' अशी कौशल्ये आणि शेवटी 'प्रकल्प : उष्णता समीकरणाचे संख्यात्मक निराकरण' अशी एक ओळ लिहिली आहे. अनेक ठिकाणी अर्ज केले, पण मुलाखतीचे बोलावणे येत नाही. काय चुकत असेल?

उत्तर : तुम्हाला काय करता येते, हे वाचणाऱ्याला सर्वांत आधी जाणून घ्यायचे असते. तुमच्या रेझ्युमेत त्याचा माग फक्त एकाच ठिकाणी लागतो, तो म्हणजे प्रकल्पाच्या त्या शेवटच्या ओळीत. म्हणून रेझ्युमेची बांधणी त्या ओळीपासून करावी, असे मला वाटते.

तुम्ही पत्रासोबत प्रकल्पाचा सारांश पाठवला, हे बरे झाले. त्यावरून कळते की तुम्ही क्रँक-निकोल्सन पद्धत वापरलीत, प्रोग्राम स्वतः पायथनमध्ये लिहिलात आणि ज्या उदाहरणाचे अचूक उत्तर सूत्राने काढता येते त्याच्याशी आपली उत्तरे ताडून पाहिलीत. यातले काहीही रेझ्युमेत उतरलेले नाही. हीच गोष्ट अशी लिहून पाहा : 'उष्णता समीकरण क्रँक-निकोल्सन पद्धतीने सोडवणारा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिला. अचूक उत्तर ज्ञात असलेल्या उदाहरणावर त्याची पडताळणी केली. स्थळ आणि काळ या दोन्हींमधील पावले निम्मी केली असता त्रुटी सुमारे एक चतुर्थांश होते, हे कोष्टकाने दाखवले.' ही पद्धत दोन्ही चलांत दुसऱ्या क्रमाच्या अचूकतेची असल्याने त्रुटी तशीच कमी व्हायला हवी. ज्याला हे ठाऊक आहे, तो वाचता वाचता ओळखतो की या उमेदवाराने प्रोग्राम चालवून सोडून दिलेला नाही, तर तो बरोबर आहे याची खातरजमाही केली आहे. ज्याला गणित ठाऊक नाही त्यालाही 'लिहिला', 'पडताळणी केली', 'दाखवले' ही तीन क्रियापदे समजतात. विश्लेषणक्षमता हा शब्द न वापरता ती क्षमता या तीन वाक्यांत दिसते.

विषयांच्या यादीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. वास्तव विश्लेषण, टोपॉलॉजी, अमूर्त बीजगणित हे विषय गणिताच्या बहुतेक सर्वच पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शिकलेले असतात, त्यामुळे त्यांच्या यादीने तुम्ही इतरांपासून वेगळे ठरत नाही. ज्या पदासाठी अर्ज करत आहात त्याच्याशी थेट संबंध असलेले तीन-चार विषय ठेवावेत. विदा-विश्लेषणाच्या (डेटा अ‍ॅनालिसिसच्या) पदासाठी संभाव्यता, सांख्यिकी आणि रैखिक बीजगणित, तर संख्यात्मक गणनाच्या पदासाठी अवकल समीकरणे आणि संख्यात्मक विश्लेषण, अशी निवड करता येईल. 'आव्हानात्मक संस्थेत काम करून प्रगती साधणे' या धर्तीचे उद्दिष्ट सर्वांत वर लिहिण्याची रीत आहे, ते काढून टाकावे. कौशल्यांसमोर पाचपैकी चार तारे किंवा भरलेल्या पट्ट्या दाखवू नयेत, कारण त्या ताऱ्यांचे एकक काय हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो आणि गणिताच्या माणसाला तर ही गोष्ट खटकायलाच हवी. त्याऐवजी 'पायथन : नमपाय आणि सायपाय (संख्यात्मक गणिताची पायथन-ग्रंथालये) वापरून प्रकल्पाचे काम' असे लिहिले की कौशल्याला लगेच आधार मिळतो.

अनुभव नाही म्हणता, पण कनिष्ठ विद्यार्थ्यांचे सराववर्ग घेतले असतील, विभागात व्याख्यान दिले असेल, गणित स्पर्धेत क्रमांक मिळवला असेल, तर तोही अनुभवच आहे. एवढे सगळे एका पानात नीट बसते आणि नवख्या उमेदवाराला एक पान पुरते.

प्रश्न : माझे पीएचडीचे काम आलेखांच्या, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांच्या, लाप्लास मॅट्रिक्सच्या आयगेन मूल्यांवर आहे. आता मला विद्यापीठाबाहेर, उद्योगक्षेत्रात काम करायचे आहे. माझा सीव्ही सहा पानांचा आहे. त्यातले काय ठेवू आणि काय काढू?

उत्तर : सहा पानी सीव्ही जपून ठेवा, तो विद्यापीठांसाठी उपयोगी आहे. उद्योगक्षेत्रासाठी मात्र एक किंवा फार तर दोन पानांचा रेझ्युमे नव्याने लिहावा लागेल. सीव्हीची काटछाट करून तो तयार होत नाही, कारण दोन्हींचे वाचक वेगळे प्रश्न घेऊन बसलेले असतात. विद्यापीठातील निवड समितीला तुम्ही आजवर काय सिद्ध केले याची पूर्ण नोंद हवी असते. कंपनीतल्या माणसाला त्याच्यापुढची अडचण तुम्ही सोडवू शकाल का, एवढेच पाहायचे असते.

सर्वांत अवघड भाग प्रबंधाच्या वर्णनाचा आहे आणि त्यासाठी सर्वांत जास्त वेळ द्यावा. तुमच्या सीव्हीत प्रबंधाचे शीर्षक आणि दोन प्रमेयांची विधाने आहेत. बाहेरच्या वाचकाला त्यांतून काहीच हाती लागत नाही. तुमचा विषय तर सुदैवाने सांगण्याजोगा आहे. जाळ्यातील जोडण्या नोंदवणाऱ्या लाप्लास मॅट्रिक्सपासून आयगेन मूल्ये नावाच्या काही संख्या मिळतात. त्यांतले दुसरे सर्वांत लहान मूल्य, ज्याला मिरोस्लाव फिडलर यांनी १९७३ साली बैजिक संलग्नता असे नाव दिले, ते शून्य असेल तर जाळे आधीच तुकड्यांत विभागलेले असते आणि ते मोठे असेल तर जाळे तोडणे अवघड असते. हा धागा पकडून असे लिहिता येईल : 'एखादे जाळे किती घट्ट जोडलेले आहे आणि कोठे सहज तुटेल, हे त्याच्या मॅट्रिक्सवरून ठरवण्याच्या पद्धतींवर संशोधन. मोठ्या विरळ मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये काढणारे प्रोग्राम लिहिले.' दूरसंचार, वाहतूक, गैरव्यवहार शोधणे, ग्राहकांचे गट पाडणे अशा सर्व ठिकाणी जाळी असतात, त्यामुळे या वाक्यांतून वाचणाऱ्याला तुमच्या कामाचे स्वतःच्या कामाशी असलेले नाते दिसू लागते. दुसरे वाक्य अर्थातच खरे असेल तरच लिहावे. तुम्ही प्रोग्राम लिहिले नसतील आणि अशा पदासाठी अर्ज करायचा असेल, तर रेझ्युमे बाजूला ठेवून आधी एक छोटा प्रकल्प करा, तो गिटहबवर (प्रोग्राम सर्वांना पाहता येतील असे ठेवण्याच्या संकेतस्थळावर) ठेवा आणि मग लिहायला बसा.

शोधनिबंधांपैकी एक-दोन ठेवावेत, बाकीचे 'एकूण इतके निबंध' अशा एका ओळीत सांगावेत. यात एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. गणितात सहलेखकांची नावे बहुधा आडनावांच्या वर्णानुक्रमाने छापतात. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने २००४ साली एक स्वतंत्र निवेदन काढून ही प्रथा इतर शाखांतील लोकांसाठी समजावून सांगितली आहे. मात्र प्रयोगशाळांच्या जगातून आलेला वाचक पहिले नाव मुख्य लेखकाचे मानतो आणि ज्याचे आडनाव वर्णमालेच्या शेवटाकडे आहे त्याचा वाटा कमी समजतो. यादीखाली 'गणितातील प्रथेनुसार लेखकांची नावे वर्णानुक्रमे' एवढी ओळ दिली की हा गैरसमज टळतो. परिषदांतील उपस्थिती, परीक्षक म्हणून केलेले काम, शिकवलेल्या प्रत्येक विषयाचे सत्र हे सगळे या रेझ्युमेतून निःशंक काढावे.

प्रश्न : रेझ्युमेत आकडे द्या असा सल्ला सगळीकडे मिळतो. मी '९५ टक्के अचूकतेचे प्रारूप (मॉडेल) तयार केले' असे लिहिले होते. मुलाखतीत त्यावरच इतके प्रश्न आले की मी गोंधळून गेले. आकडे द्यावेत की नाही?

उत्तर : आकडे जरूर द्यावेत, पण गणिताची व्यक्ती म्हणून तुमच्या आकड्यांकडून जास्त अपेक्षा असते, हे लक्षात घ्यावे. तुम्ही लिहिले आहे की तुमचे प्रारूप फसवे व्यवहार ओळखण्यासाठी होते. समजा, विदेतील १०० व्यवहारांपैकी ९५ प्रामाणिक आणि ५ फसवे आहेत. अशा वेळी काहीही न तपासता प्रत्येक व्यवहाराला प्रामाणिक म्हणणारे प्रारूपसुद्धा ९५ टक्के अचूक ठरते आणि एकही फसवणूक पकडत नाही. तुमच्या मुलाखतकाराच्या मनात हेच आले असणार. त्याचा प्रश्न तुम्हाला अडचणीत आणण्यासाठी नव्हता, तो त्या आकड्याला विचारलाच पाहिजे असा पहिला प्रश्न होता.

आकडा लिहिताना त्याची तुलना कशाशी आहे, तो कोणत्या विदेवर काढला आणि त्याचा उपयोग काय झाला, हे त्याच वाक्यात यावे. 'प्रारूप तयार करताना न वापरलेल्या विदेवर ५० फसव्या व्यवहारांपैकी ४१ ओळखले. साध्या नियमांच्या पद्धतीने २८ ओळखले जात होते' असे वाक्य ९५ टक्क्यांपेक्षा कितीतरी अधिक सांगते. (हे आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. आपले आकडे आपल्या कामातूनच घ्यावेत.) त्यासोबत किती प्रामाणिक व्यवहारांवर चुकीचा संशय घेतला गेला, हेही सांगता आले तर उत्तमच, कारण जाणकार त्याच्या पुढचा प्रश्न तोच विचारेल. दशांशचिन्हापुढचे अनावश्यक अंक टाळावेत. ५० उदाहरणांवर मोजलेली अचूकता ८२.३७ टक्के येऊच शकत नाही आणि चाणाक्ष वाचक तेवढ्यावरून पुढचे सगळे संशयाने वाचू लागतो. ज्या कामाचे मोजमाप झालेच नाही तिथे आकडा बनवू नये. काय केले ते साध्या शब्दांत सांगितले तरी ते काम उभे राहते.

प्रश्न : मला विद्यापीठांत अध्यापन आणि संशोधनाच्या पदांसाठी, परदेशांतही, अर्ज करायचा आहे. सीव्हीबरोबर काय काय लागते? आणि अजून प्रसिद्ध न झालेले निबंध दाखवावेत का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी सीव्ही, संशोधनाचे निवेदन, अध्यापनविषयक निवेदन, प्रकाशनांची यादी आणि शिफारसपत्रे मागतात. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीतर्फे चालणाऱ्या मॅथजॉब्स या संकेतस्थळावर अनेक विद्यापीठांचे अर्ज एकाच ठिकाणाहून करता येतात आणि तेथे शिफारसपत्रे शिफारस करणारी व्यक्तीच परस्पर चढवते. त्या व्यक्तींना पुरेसा अवधी ठेवून विनंती करावी आणि आपला ताजा सीव्ही त्यांना पाठवावा. शक्य असेल तर एक पत्र तुमचे शिकवणे प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीचे असावे.

अप्रकाशित निबंध जरूर दाखवावेत, पण प्रत्येकाची स्थिती अगदी खरी सांगावी. 'प्रसिद्ध', 'स्वीकृत', 'नियतकालिकाकडे सादर' आणि 'लेखन चालू' हे चार वेगळे टप्पे आहेत आणि त्यांची सरमिसळ करणे हा गणिताच्या सीव्हीतला सर्वांत महागात पडणारा दोष आहे, असे मी मानतो. सादर केलेला निबंध आरकाइव्हवर ठेवलेला असेल तर त्याचा क्रमांक द्यावा. १९९१पासून चालत आलेल्या या मुक्त संग्रहामुळे समितीतला कोणीही तो निबंध त्याच क्षणी उघडून पाहू शकतो आणि मग तो कधी प्रसिद्ध होणार याला तितकेसे महत्त्व उरत नाही. 'लेखन चालू' या सदरात एक-दोनच नोंदी असाव्यात आणि त्याही अशा, ज्यांचा मसुदा कोणी मागितला तर दाखवता येईल. तेथे पाच-सहा शीर्षके दिसली की समितीला त्यांतले काय खरोखर पूर्ण होणार, अशी शंका येते.

सीव्हीच्या सुरुवातीला संशोधनाचे क्षेत्र दोन-चार शब्दांत लिहावे. गणिताच्या विषयवर्गीकरणाचा संकेतांक देण्याचीही रीत आहे. २०२०च्या आवृत्तीत ६३ मुख्य विभाग आहेत, त्यांतील ०५ कॉम्बिनेटोरिक्सचा, ६० संभाव्यतेचा, ६५ संख्यात्मक विश्लेषणाचा आहे. अर्ज कोणत्या प्राध्यापकाकडे वाचायला द्यावा, हे ठरवताना या संकेतांकाची मदत होते.

शिकवण्याच्या नोंदीत विषयाबरोबर तुमची भूमिका लिहावी : संपूर्ण विषय स्वतः शिकवला, सराववर्ग घेतले, की केवळ उत्तरपत्रिका तपासल्या. या तिन्हींत फार अंतर आहे आणि अध्यापनावर भर देणारी महाविद्यालये तेच शोधत असतात.

प्रश्न : मी बरीच वर्षे शाळेत गणित शिकवतो आहे. आता पाठ्यसामग्री तयार करणाऱ्या संस्थेत जायची इच्छा आहे. माझ्या रेझ्युमेत 'इयत्ता आठवी ते दहावी गणित अध्यापन' यापलीकडे काही लिहिण्यासारखे आहे असे मला वाटत नाही.

उत्तर : सर, तुमच्या पत्रातच लिहिण्यासारखे खूप आहे. अपूर्णांकांची बेरीज करताना मुले अंशांची अंशांशी आणि छेदांची छेदांशी बेरीज करून एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश लिहितात, हे पाहून तुम्ही एक सरावपत्रिका तयार केलीत. तिच्यात मुलांनी आधी उत्तराचा अंदाज करायचा, दोन पंचमांश तर एका द्वितीयांशापेक्षाही लहान आहे हे स्वतः शोधायचे आणि मगच समच्छेदाकडे वळायचे, अशी तुमची योजना होती. पाठ्यसामग्रीच्या कामाला नेमके हेच लागते : चूक कोठून येते याची जाण आणि ती दुरुस्त करणाऱ्या प्रश्नांचा क्रम.

त्यामुळे 'अध्यापन' या एका शब्दाऐवजी तुम्ही काय तयार केलेत ते लिहा : सरावपत्रिका, प्रश्नसंच, मूल्यमापनाच्या कसोट्या, सहकारी शिक्षकांसाठी घेतलेली सत्रे. त्या सरावपत्रिकेची स्वच्छ प्रत अर्जासोबत जोडा. अशा पदांसाठी चांगला नमुना रेझ्युमेपेक्षाही जास्त बोलतो. विद्यार्थ्यांची नावे किंवा गुण त्यात राहू देऊ नका.

प्रश्न : विमागणिताच्या, म्हणजे अ‍ॅक्चुअरीच्या, प्रारंभिक पदासाठी रेझ्युमेत सर्वांत वर काय असावे?

उत्तर : उत्तीर्ण झालेल्या व्यावसायिक परीक्षा. सोसायटी ऑफ अ‍ॅक्चुअरीजच्या मार्गाने जात असाल तर संभाव्यतेची पी आणि वित्तीय गणिताची एफएम या परीक्षांची नावे आणि उत्तीर्ण झाल्याचा महिना-वर्ष शिक्षणाच्या लगत द्यावे. पुढच्या परीक्षेची नोंदणी झालेली असेल तर तिचीही तारीख लिहावी. त्याखाली स्प्रेडशीट आणि एखादी प्रोग्रामिंग भाषा वापरून केलेले काम यावे.

प्रश्न : पदवीच्या पहिल्या वर्षी मला फार कमी गुण होते, नंतर ते चांगले वाढले. हे रेझ्युमेत कसे हाताळू?

उत्तर : एकूण श्रेणी मागितली असेल तर ती जशी आहे तशीच द्यावी. मागितली नसेल तर अंतिम वर्षाचे किंवा पदाशी संबंधित विषयांचे गुण देण्यात काही गैर नाही, फक्त ते कशाचे आहेत हे स्पष्ट लिहावे. कमी गुणांची कारणमीमांसा रेझ्युमेत करू नये. मुलाखतीत विचारले तर एका वाक्यात खरे कारण सांगावे आणि नंतरच्या प्रगतीकडे वळावे.

प्रश्न : मी रेझ्युमे लेटेक या गणिती मजकूर मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन स्तंभांत, सुबक मांडणी करून तयार केला आहे. मात्र एका ऑनलाइन अर्जात तो चढवल्यावर माझी माहिती चुकीच्या रकान्यांत भरली गेली. लेटेक सोडून द्यावे का?

उत्तर : लेटेक सोडण्याची गरज नाही. गणिताच्या क्षेत्रात ते सर्वांच्या परिचयाचे आहे आणि सूत्रे त्याच्याइतकी नीट क्वचितच कोठे दिसतात. अडचण अशी की अनेक संस्थांत अर्ज प्रथम एक सॉफ्टवेअर वाचते. ते पीडीएफमधला मजकूर उपसून काढते आणि मांडणीचा अर्थ लावण्याचा प्रयत्न करते. दोन स्तंभ असले की डावीकडची अर्धी ओळ आणि उजवीकडची अर्धी ओळ एकत्र जोडली जाण्याचा धोका असतो. म्हणून ऑनलाइन अर्जासाठी एकाच स्तंभाची, साध्या शीर्षकांची प्रत करावी.

दुसरी अडचण अक्षरांची आहे. लेटेक इंग्रजीतील एफ आणि आय ही अक्षरे लागोपाठ आली की त्यांचे एकच जोडचिन्ह करते. पीडीएफ नीट तयार झालेली नसेल तर मजकूर उपसताना ते चिन्ह गळून पडते किंवा त्याचे भलतेच काहीतरी होते. मग फायनान्स, क्लासिफिकेशन, सर्टिफिकेट यांसारखे नेमके शोधले जाणारे शब्द तुटतात आणि उमेदवाराला ते कौशल्य नाही असे सॉफ्टवेअरला वाटू शकते. पीडीएफलेटेक (लेटेकपासून थेट पीडीएफ तयार करणारा प्रोग्राम) वापरत असाल तर दस्तऐवजाच्या प्रारंभी ग्लिफटूयुनिकोड ही फाइल जोडून पीडीएफजेनटूयुनिकोडचे मूल्य १ ठेवल्याने हा दोष सहसा दूर होतो. प्रबंधाच्या शीर्षकात सूत्र असेल तर ते या प्रतीत शब्दांत लिहावे, कारण घातांक आणि पादांक उपसलेल्या मजकुरात ओळीत येऊन बसतात आणि त्यांचा अर्थ बदलतो.

सगळे झाल्यावर एक सोपी चाचणी करावी. पीडीएफ उघडून संपूर्ण मजकूर निवडावा, त्याची प्रत साध्या मजकूर-संपादकात चिकटवावी आणि वरपासून खालपर्यंत वाचावी. नाव, संपर्क, शिक्षण, प्रकल्प हे सर्व योग्य क्रमाने आणि अखंड शब्दांत दिसले तर फाइलला स्वतःचे नाव आणि पदाचे नाव द्यावे आणि मगच ती अर्जाला जोडावी.